मामाच्या बेटावरचे सील: सेंट पॉलच्या संवर्धनामागचा इतिहास

बेरिंग समुद्राच्या मध्यावर, अलास्काच्या मुख्य भूमीपासून सुमारे 480 किलोमीटर दूर, प्रिबिलोफ नावाचा ज्वालामुखीतून तयार झालेल्या बेटांचा लहानसा समूह आहे. त्यातल्या सेंट पॉल बेटावर झाड औषधालाही सापडत नाही, उन्हाळाभर धुके असते आणि कायमची वस्ती जेमतेम चारशे माणसांची आहे. ही माणसे बहुतांशी उनांगन जमातीची आहेत. ‘अल्युट’ हे त्यांचे अधिक परिचित नाव रशियनांनी दिलेले आहे. उत्तरी फर-सील या दाट लव असलेल्या सागरी सस्तन प्राण्याची जगातील सर्वांत मोठी वीण प्रिबिलोफच्या किनाऱ्यांवर होते. आज या सीलची देखरेख, मोजदाद आणि जाळ्यांच्या फासातून सुटका यांत बेटावरच्या जमातीचे सरकार अमेरिकी केंद्र सरकारच्या बरोबरीने निर्णय घेते. हा अधिकार जमातीला मिळाला तो मात्र फार उशिरा, आणि त्यासाठी तिने मोजलेली किंमत समजून घेतल्याशिवाय आजच्या कामाचा अर्थ लागत नाही.

उनांगन लोकांच्या मौखिक परंपरेनुसार युनिमाक बेटावरच्या एका प्रमुखाचा मुलगा वादळात सापडून उत्तरेकडे वाहत गेला. वारा पडला तेव्हा चहूकडे दाट धुके होते आणि दिशा कळत नव्हती. अखेर हजारो सीलच्या ओरडण्याचा आवाज कानी आला आणि त्या आवाजाच्या रोखाने वल्हवत तो किनाऱ्याला लागला. या बेटांना त्यांच्या भाषेत ‘अमिक’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ ‘आईच्या भावाची भूमी’ असा सांगितला जातो. मामाचे गाव म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. मात्र उनांगन लोक तेथे राहत नव्हते; त्यांची गावे दक्षिणेला अल्युशन बेटांवर होती.

1786 साली गाव्रिल प्रिबिलोफ हा रशियन दर्यावर्दी शेजारच्या सेंट जॉर्ज बेटावर पोचला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉलही रशियनांना सापडले. त्यानंतरच्या काही वर्षांत रशियन फर-व्यापाऱ्यांनी उनांगन पुरुषांना आणि कुटुंबांना जबरदस्तीने येथे आणून सीलच्या शिकारीला जुंपले. सेंट पॉलची वस्ती अशी वेठबिगारीतून उभी राहिली. 1867 साली अमेरिकेने अलास्का विकत घेतला, तेव्हा बेटांबरोबर हा धंदाही नव्या मालकाकडे गेला. 1870 मध्ये एका खासगी कंपनीला सील मारण्याचा वीस वर्षांचा मक्ता देण्यात आला, नंतर दुसऱ्या कंपनीला तसाच मक्ता मिळाला, आणि कातडी काढणारे हात मात्र तेच राहिले.

या कामातले कसब थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. वीण करणारे मोठे नर आणि माद्या किनाऱ्यावर एका बाजूला असतात. अद्याप जोडी न मिळालेले तरुण नर वेगळ्या जागी विसावतात, आणि शिकार त्यांचीच होई. पहाटे, गवत ओले असताना, माणसे दबक्या पावलांनी सील आणि पाणी यांच्यामध्ये शिरत आणि कळपाला समुद्रापासून तोडून हळूहळू आत हाकत. घाई करून चालत नसे, कारण जाड फरमुळे सीलचे अंग लवकर तापते आणि उष्णतेनेच तो मरतो. कोणता प्राणी दमला आहे, कोणता उलटेल, कोणती मादी चुकून कळपात आली आहे आणि तिला बाजूला कसे काढायचे, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जात राहिले. धंदा परक्यांचा होता, पण प्राण्याची ओळख उनांगन लोकांची होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खरा विध्वंस किनाऱ्यावर नव्हे, तर खुल्या समुद्रात झाला. फर-सीलची मादी पिल्लाला किनाऱ्यावर ठेवून अनेक दिवस समुद्रात चरायला जाते आणि परतल्यावर आवाजावरून आपलेच पिल्लू शोधून त्याला पाजते. जहाजांवरून बंदुकीने शिकार करणाऱ्यांना पाण्यात नर-मादी ओळखता येत नसे. एक मादी मारली की तिच्या पोटातला गर्भ आणि किनाऱ्यावर वाट पाहणारे पिल्लू अशी तीन मरणे ओढवत. शिवाय गोळी लागलेले कित्येक सील हाती न लागताच बुडत. लाखोंची संख्या झपाट्याने उतरली, तेव्हा 7 जुलै 1911 रोजी अमेरिका, ब्रिटन (कॅनडाच्या वतीने), रशिया आणि जपान यांनी तह करून समुद्रातील व्यापारी शिकार बंद केली आणि त्याबदल्यात जमिनीवर मिळणाऱ्या कातड्यांचा वाटा ठरवून दिला. वन्यजीवांच्या संरक्षणासाठी झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय करारांत त्याची गणना होते. तो यशस्वीही झाला, कारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रिबिलोफच्या सीलची संख्या सुमारे वीस लाखांवर गेली.

संवर्धनाच्या इतिहासात हा तह गौरवाने सांगितला जातो, आणि त्यात चूक काही नाही. परंतु त्याच काळात बेटावरच्या माणसांचे काय चालले होते, हे त्या गौरवात सहसा येत नाही. 1910 पासून बेटे थेट सरकारी खात्याच्या ताब्यात होती आणि उनांगन लोक सरकारच्या पालकत्वाखाली होते. मजुरीचा मोठा भाग शिधा आणि वस्तूंच्या रूपाने मिळे, बेट सोडायला अधिकाऱ्याची परवानगी लागे आणि शाळेत मातृभाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होई. सीलना कायद्याचे छत्र मिळाले त्याच बेटावर त्यांना ओळखणाऱ्या माणसांना आपल्या गावाच्या कारभारातही बोलण्याचा अधिकार नव्हता. या विषयाकडे पाहताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

दुसऱ्या महायुद्धात, जून 1942 मध्ये, जपानने अल्युशन बेटांवरील डच हार्बर या बंदरावर बॉम्बहल्ला केला आणि प्रिबिलोफच्या रहिवाशांना सामान बांधायलाही पुरेसा अवधी न देता जहाजात चढवून आग्नेय अलास्कातील फंटर बे येथे नेण्यात आले. सेंट पॉलच्या लोकांना मासे डबाबंद करण्याच्या एका पडीक कारखान्यात ठेवले गेले, तर सेंट जॉर्जच्या लोकांना जुन्या सोन्याच्या खाणीच्या आवारात. पिण्याचे स्वच्छ पाणी नव्हते, औषधोपचार अपुरे होते, आणि आजारांनी अनेक म्हातारी माणसे व मुले दगावली. असे असतानाही 1943 च्या उन्हाळ्यात पुरुषांना सील मारण्यासाठी पुन्हा बेटावर नेण्यात आले आणि त्या एका हंगामात एक लाखाहून अधिक कातडी काढली गेली. सगळी कुटुंबे घरी परतली ती 1944 मध्ये. या अन्यायाबद्दल अमेरिकी संसदेने माफी मागून भरपाईचा कायदा केला, तो 1988 साली.

युद्धानंतर लोक गप्प बसले नाहीत. 1951 साली त्यांनी सरकारविरुद्ध दावा लावला, आणि 1870 ते 1946 या काळातील वागणुकीबद्दल 85 लाख डॉलरची भरपाई त्यांना 1979 मध्ये मिळाली. दरम्यान सीलच्या व्यवस्थापनात एक मोठी चूक घडली होती. माद्यांची संख्या कमी केली तर उरलेल्यांची वीण सुधारेल, या तर्कावर 1956 ते 1968 या काळात जवळपास तीन लाख माद्या मारण्यात आल्या. अपेक्षित वाढ झाली नाही आणि संख्येला जी उतरती कळा लागली तिच्यात या निर्णयाचा वाटा होता. कागदावरचे गणित किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या उभ्या असलेल्या माणसांना विचारून मांडलेले नव्हते.

1983 च्या कायद्याने सरकारने बेटांचा कारभार सोडला आणि 1984 च्या हंगामानंतर सेंट पॉलवरची व्यापारी कत्तल कायमची थांबली. अर्थव्यवस्थेचा एकमेव आधार एका फटक्यात गेला. नव्या सुरुवातीसाठी दोन्ही बेटांना मिळून दोन कोटी डॉलर देण्यात आले. अन्नासाठी मर्यादित शिकार तेवढी चालू राहिली. 1988 मध्ये सीलची प्रिबिलोफमधील संख्या कायद्याने ‘क्षीण’ ठरवण्यात आली. पुढे 1994 साली सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अलास्कातील मूळनिवासी संस्थांशी सहव्यवस्थापन करार करण्याची वाट मोकळी झाली, आणि 2000 साली सेंट पॉलच्या जमाती सरकारने असा करार केला. तेव्हापासून शिकारीचे नियम दोघे मिळून ठरवतात. 2007 साली जमातीने नियमबदलासाठी अर्ज केला होता. वर्षाला जास्तीत जास्त दोन हजार तरुण नर आणि बदललेला हंगाम मान्य करणारा नियम 2019 मध्ये आला. अर्ज आणि नियम यांत बारा वर्षे गेली, हेही नोंदवले पाहिजे.

जमातीच्या परिसंस्था संवर्धन कार्यालयाचे रोजचे काम साधे आणि कष्टाचे आहे. मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे आणि खोक्यांना बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या समुद्रात तरंगतात. खेळकर तरुण सील त्यांत डोके घालतो आणि ती पट्टी गळ्यात अडकते. सील वाढतो, पट्टी वाढत नाही, आणि काही महिन्यांत ती कातडी कापून मांसात रुतते. अशा प्राण्याला गाठण्यासाठी आजही तीच जुनी युक्ती लागते: पाणी आणि सील यांच्यामध्ये हळूच शिरायचे, त्याला कळपातून वेगळा करायचा, दाबून धरायचा आणि फास कापून सोडून द्यायचा. मारण्यासाठी शिकलेले कसब येथे सोडवण्यासाठी वापरले जाते.

कामाची व्याप्ती सीलपुरती राहिलेली नाही. ऑक्टोबर 2016 पासून किनाऱ्यावर मेलेले समुद्रपक्षी येऊ लागले, तेव्हा बेटवासीयांनी काही महिन्यांत 350 हून अधिक मृत पक्षी गोळा करून नोंदवले. त्यांतले बहुतेक तुरेवाले पफिन होते आणि ते उपासमारीने मेले होते. तापत्या समुद्रातील अन्नसाखळी विस्कटल्याचा तो ठोस पुरावा ठरला. जून 2024 मध्ये कोणीतरी उंदीर पाहिल्याची बातमी आली, तेव्हा पीनट बटर लावलेले सापळे आणि कॅमेरे मांडून शोध सुरू झाला. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची वसाहत एका गाभण उंदरीने उद्ध्वस्त होऊ शकते, हे तेथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

सेंट पॉलवरची सीलची संख्या तरीही घटतेच आहे. पोलॉक माशांची प्रचंड व्यापारी मासेमारी, बदलते हवामान आणि किलर व्हेलची शिकार या कारणांचा अभ्यास चालू आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये बेरिंग समुद्रातील हिमखेकड्यांचा हंगाम प्रथमच रद्द झाला आणि खेकड्यांवरील प्रक्रियेवर चालणाऱ्या गावाचे उत्पन्नच आटले. त्याआधी 2021 साली जमातीने बेटांभोवतीचा समुद्र राष्ट्रीय सागरी अभयारण्य व्हावा असा प्रस्ताव दिला होता आणि त्याला ‘अलागुम कानू’, म्हणजे ‘समुद्राचे हृदय’, असे नाव दिले. जून 2022 मध्ये तो विचारार्ह प्रस्तावांच्या यादीत घेण्यात आला. यादीत येणे म्हणजे घोषणा नव्हे. अभयारण्य झालेच तर त्याच्या कारभारात जमातीचा समान वाटा असावा, हे मात्र तिने प्रस्तावातच मागून ठेवले आहे.