सोयाबीनच्या मुळावरील गुलाबी गाठ

पेरणीनंतर साधारण 40 दिवसांनी, पीक फुलोऱ्यात येण्याच्या सुमारास, सोयाबीनचे रोप मातीच्या ढेकळासह अलगद काढून त्याची मुळे पाण्यात धुतली, की त्यांवर मोहरी-ज्वारीच्या दाण्यांएवढ्या गाठी दिसतात. त्यांतील एखादी नखाने फोडून पाहावी. आतला गर गुलाबी असेल, तर तेथे ब्रॅडिऱ्हायझोबियम जातीचे जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देत आहेत.

हवेत 78 टक्के नत्र असले, तरी त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट बांधलेले असतात, की वनस्पतीला ते थेट घेता येत नाही. अमोनियाच्या कारखान्यात हा बंध तोडण्यासाठी 400 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि प्रचंड दाब लागतो. जिवाणूंमधील नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) तेच काम मातीच्या नेहमीच्या तापमानात करते, ही मला आजही थक्क करणारी गोष्ट वाटते. मात्र ऑक्सिजनच्या संपर्कात हे विकर निकामी होते. म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचे प्रथिन ऑक्सिजन धरून ठेवते आणि जिवाणूंना श्वसनापुरताच पुरवते. गरातला गुलाबी रंग त्याचाच. नत्राच्या बदल्यात झाड जिवाणूंना पानांत तयार झालेली साखर देते. अशा गाठींतील जिवाणू मार्टिनस बेयरिंक या डच शास्त्रज्ञाने 1888 मध्ये प्रथम वेगळे केले.

ही सोयरीक कोणाशीही जुळत नाही. हरभऱ्याचे जिवाणू सोयाबीनच्या कामाचे नसतात, त्यामुळे बियाण्याला लावायच्या जिवाणू खताच्या पाकिटावरील पिकाचे नाव वाचूनच खरेदी करावी. शासकीय मानकानुसार भुकटी स्वरूपातील खताच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. तेच पाकीट पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर तापले, तर शेतात पोहोचते ती केवळ काळी भुकटी. ‘जिवाणू खताने फरक पडला नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते, असे माझे मत आहे.

बीजप्रक्रियेत 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम संवर्धक, म्हणजे हेच जिवाणू खत, गुळाच्या थंड केलेल्या द्रावणातून हलक्या हाताने चोळतात. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावावे, जिवाणू शेवटी. नंतर बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. त्यानंतर युरियाचा मोठा हप्ता मात्र देऊ नये, कारण मातीत आयते नत्र भरपूर मिळाले, की झाड गाठी धरण्यासाठी साखर खर्च करत नाही.