शेतकरी कर्जमाफी (महाराष्ट्र)

शेतकऱ्याचे थकीत पीक कर्ज शासनाने बँकेला भरून देणे म्हणजे कर्जमाफी. बँक बुडीत कर्ज स्वतःच्या ताळेबंदातून काढते ते निर्लेखन. तिथे कर्जदाराची जबाबदारी संपत नाही, वसुली चालूच राहते. या दोहोंची गल्लत बातम्यांतही सर्रास होते.

केंद्राच्या २००८ च्या योजनेत २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना पूर्ण माफी होती. त्याहून मोठ्यांनी ७५ टक्के भरल्यास साधारणपणे २५ टक्के सूट. पात्र खाती वगळली गेली आणि अपात्रांना लाभ मिळाला, असे कॅगच्या (देशाच्या महालेखापरीक्षकांच्या) २०१३ च्या अहवालात नोंदले आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये दीड लाखांपर्यंत माफी दिली. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत ही मर्यादा २ लाख झाली आणि जमीनधारणेची अट नव्हती.

खरी मेख तारखांत असते. २०१९ च्या योजनेसाठी कर्ज १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ दरम्यान घेतलेले आणि ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असावे लागे. २ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जात. म्हणून १ लाख ७० हजार मुद्दल असलेले खाते व्याज चढून २ लाख ५ हजारांवर गेले, तर पूर्णपणे बाहेर. मार्चअखेर उसनवारी करून कर्जाचे 'नवे-जुने' करणाऱ्याचे, म्हणजे जुने फेडून लगेच नवे उचलणाऱ्याचे खाते कागदावर नियमित दिसते, त्यामुळे तोही थकीत यादीत येत नाही. वेळेवर फेडणाऱ्यांसाठी ५० हजारांपर्यंतच्या प्रोत्साहन रकमेचा शासन निर्णय निघाला तो २०२२ मध्ये.

२०१९ च्या योजनेत बँक खात्यांची माहिती पोर्टलवर भरे आणि विशिष्ट क्रमांकासह याद्या चावडीवर व बँकेत लागत. शेतकरी आधार, पासबुक व तो क्रमांक घेऊन सेवा केंद्रात जाई, पडद्यावरची रक्कम तपासे आणि ती मान्य असेल तरच अंगठा देई. पटली नाही तर तक्रार तिथेच नोंदवायची; एकदा मान्य केलेल्या आकड्यावर नंतर भांडणे अवघड. मृत खातेदार, वारसनोंद न झालेला सातबारा, न उमटणारे ठसे आणि चुकलेला आधार क्रमांक यांमुळे अनेक प्रकरणे अडकली.

लेखापरीक्षकाची कसोटी विकास सोसायटीत, म्हणजे शेतकरी सभासदांना पीक कर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेत लागते. कर्ज जिल्हा बँक सोसायटीला देते आणि सोसायटी सभासदाला, त्यामुळे एकाच रकमेच्या नोंदी दोन ठिकाणी असतात. सोसायटीचे बँकेला देणे सभासदांकडील येण्यापेक्षा जास्त असेल, तर त्या फरकाला 'अनिष्ट तफावत' म्हणतात. माफीची रक्कम जमा झाल्यावर दोन्ही आकडे सारखेच उतरतात, तफावत जिथल्या तिथे राहते आणि ती वसूल करायला समोर कर्जदार सभासदच उरत नाही.