बाळ मांडीवर आणि संशोधक स्क्रीनच्या पलीकडे: ही पद्धत आली कुठून?

घरीच लॅपटॉप उघडायचा, बाळाला मांडीवर घ्यायचं आणि एखाद्या युनिव्हर्सिटीच्या प्रयोगात दहापंधरा मिनिटं भाग घ्यायचा, हे आता बऱ्यापैकी रुळलंय. बहुतेकांना वाटतं की हे कोविडमुळे सुरू झालं. कोविडने जोर आला हे खरंच, पण तयारी त्याच्या आधीची आहे, आणि मुळं शोधायला गेलं तर थेट 19व्या शतकात जावं लागतं, कारण बाळांचा अभ्यास सुरू झाला तोच मुळात घरात.

चार्ल्स डार्विनचा थोरला मुलगा विल्यम डिसेंबर 1839 मध्ये जन्मला आणि बापाने वही घेतली. पहिल्या आठवड्यातल्या शिंका, उचक्या, जांभया, सातव्या दिवशी तळपायाला कागद लावला तर पाय कसा झटकन मागे घेतला, पुढे राग, भीती, आरशातलं स्वतःचं रूप, सगळं टिपलं. त्यावरचा लेख ‘माइंड’ या नियतकालिकात आला 1877 मध्ये, मुलगा 37 वर्षांचा झाल्यावर! 1882 मध्ये जर्मनीत विल्हेल्म प्रेयर यांनी आपल्या मुलाच्या अशाच नोंदींवर अख्खं पुस्तक काढलं.

पण मला यात सगळ्यात जवळची वाटते ती कॅलिफोर्नियातली मिलिसेंट शिन. तिची भाची रूथ 1890 मध्ये जन्मली, त्याच घरात राहायची, आणि शिनने तिचं बघणं, हात पुढे करणं, रांगणं इतक्या बारकाईने लिहून ठेवलं की त्याच कामावर 1898 मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली, कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीतून डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली बाई. आणि ती तेवढ्यावर थांबली नाही, पदवीधर बायकांच्या संघटनेतून तिने इतर आयांनाही आपापल्या बाळांच्या नोंदी ठेवायला लावल्या. म्हणजे घराघरातून डेटा गोळा करायचा आणि आईनेच निरीक्षक व्हायचं, ही कल्पना इंटरनेटच्या शंभरेक वर्षं आधीची आहे. पुढे घरच्या जबाबदाऱ्यांमुळे शिनचं संशोधन सुटलं, याची मला खरंच हळहळ वाटते.

या पद्धतीत एक अडचण होती. एकच बाळ, तेही आपलं, आणि आपल्या बाळाच्या प्रत्येक हालचालीत आपल्याला अर्थ दिसतो. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी सुद्धा आपल्या तीन मुलांकडे बघूनच सिद्धांत मांडला की सुमारे आठ महिन्यांच्या आतलं बाळ झाकलेली वस्तू शोधत नाही, म्हणजे नजरेआड गेलेली वस्तू त्याच्या लेखी उरतच नाही. पण हात घालून शोधता येत नाही म्हणून कळतच नाही असं म्हणायचं का? हे तपासायला बाळाला करता येईल असं काहीतरी हवं होतं, आणि बाळाला बघता येतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी नेमकं हेच पकडलं. 1950 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी एक बंदिस्त खोका तयार केला, आत बाळ उताणं, वर दोन चित्रं आणि मध्ये एक छोटंसं भोक. भोकातून बघणाऱ्याला बाळाच्या बुबुळावर चित्राचं प्रतिबिंब दिसायचं, ज्याचं प्रतिबिंब बरोबर बाहुलीवर त्याच्याकडे बाळ बघतंय, इतकं सोपं. बाळं साध्या रंगीत चकत्यांपेक्षा चेहऱ्याच्या चित्राकडे जास्त वेळ बघतात, तेच तेच दाखवलं की कंटाळतात आणि नवीन काही आलं की पुन्हा बघायला लागतात, हे त्यातून बाहेर आलं. पुढचं जवळजवळ सगळं याच पायावर उभं आहे. 1985 मध्ये रेने बायार्जों, एलिझाबेथ स्पेल्की आणि स्टॅनली वॉसरमन यांनी पाच महिन्यांच्या बाळांना दाखवलं की एक फळी मागे ठेवलेल्या ठोकळ्याच्या जणू आरपार जाते, आणि बाळं त्या अशक्य प्रकाराकडे जास्त वेळ बघत राहिली, म्हणजे झाकलेला ठोकळा तिथेच आहे हे त्यांना कळत असावं.

मात्र या सगळ्यासाठी बाळाला लॅबमध्ये आणावं लागायचं, आणि खरं दुखणं तिथेच आहे. अपॉइंटमेंट अकराची आणि बाळ झोपलं पावणेअकराला. किंवा अनोळखी खोलीत रडायला लागलं की संपलं, तो डेटा बाद. त्यामुळे एकेका गटात वीसेक बाळं झाली तरी खूप वाटायचं, आणि तीही युनिव्हर्सिटीजवळ राहणाऱ्या, दिवसा वेळ काढू शकणाऱ्या घरांतली. 2010 मध्ये जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी स्पष्टच मांडलं की मानसशास्त्र मूठभर श्रीमंत, शिकलेल्या, पाश्चात्य समाजांवरून सगळ्या माणसांबद्दल बोलतं. बाळांच्या बाबतीत तर हे आणखीच लागू होतं.

मग लॅब एकत्र यायला लागल्या. मेनीबेबीज नावाच्या प्रकल्पात 67 लॅबनी मिळून 2,329 बाळांवर एकच प्रयोग केला, बाळांशी आपण जे लाडीगोडीच्या सुरात बोलतो ते बाळांना जास्त आवडतं का, आणि 2020 मध्ये छापलेलं उत्तर होतं की हो, आवडतं. पण 2007 चा तो गाजलेला प्रयोग, ज्यात बाळांनी दुसऱ्याला अडवणाऱ्यापेक्षा मदत करणारं पात्र निवडलं होतं, तोच याच प्रकल्पातून मोठ्या प्रमाणावर परत केला तेव्हा तसा कल दिसलाच नाही. थोड्या बाळांवरून मोठी विधानं करणं किती धोक्याचं आहे हे यातून कळतं, आणि लोक घरांकडे का वळले तेही.

मोठ्या माणसांचे प्रयोग इंटरनेटवर कधीचेच व्हायला लागले होते, पण बाळ काही बटण दाबत नाही. एमआयटीत किंबर्ली स्कॉट आणि लॉरा शुल्झ यांनी त्यासाठी लुकिट हा प्लॅटफॉर्म बनवला, त्याचे पहिले पेपर 2017 चे. आईबाप आपल्या सोयीने, बाळ जागं आणि खुशीत असेल तेव्हा ब्राउझरमध्ये प्रयोग उघडतात, वेबकॅम बाळाचा चेहरा टिपतो, आणि नंतर कोणीतरी तो व्हिडिओ बघून ठरवतं की बाळ डावीकडे बघतंय, उजवीकडे की भलतीकडेच. फँट्झच्या भोकाच्या जागी वेबकॅम आला म्हणा ना, फक्त नजर पडद्यावर नेमकी कुठे आहे ते इतकं बारीक कळत नाही, त्यामुळे प्रयोगही ढोबळ डावं-उजवं चालेल असेच आखावे लागतात. दुसरीकडे मार्क शेस्किन वगैरे मंडळी व्हिडिओ कॉलवर थोड्या मोठ्या मुलांशी थेट बोलून प्रयोग करत होती.

मार्च 2020 मध्ये लॅबना टाळी लागली आणि जे चारदोन लोक करत होते ते सगळ्यांनाच करावं लागलं. त्याच वर्षी वेगवेगळ्या युनिव्हर्सिटींचे प्रयोग पालकांना एकाच ठिकाणी सापडावेत म्हणून चिल्ड्रन हेल्पिंग सायन्स ही वेबसाइट उभी राहिली, पुढे लुकिट तिच्यातच सामील झालं. तासन्‌तास व्हिडिओ बघून नजर नोंदवायचं काम कंटाळवाणं, त्यासाठी आयकॅचर प्लस सारखी सॉफ्टवेअर आली, ती एकेका फ्रेममधला चेहरा ओळखून डावं-उजवं सांगतात.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते आईबापांचं काम. लॅबमध्ये त्यांना फक्त डोळे मिटून बसायला सांगायचे, म्हणजे त्यांच्या नजरेवरून बाळाला इशारा मिळू नये. घरी तेच प्रयोग चालवतात, उजेड बघतात, टीव्ही बंद करतात, थोरल्या भावंडाला लांब ठेवतात, आणि कित्येक प्रयोगांत बाळाला खांद्यावर घेऊन स्वतः स्क्रीनकडे पाठ करून उभे राहतात. एवढं करूनही लॅपटॉप, बरं इंटरनेट आणि घरातला एक शांत कोपरा ज्यांच्याकडे नाही त्यांची बाळं अजून बाहेरच आहेत. लांबची घरं जोडली गेली हे मोठंच काम झालं, पण सगळी घरं जोडली गेलेली नाहीत.

आणि वेबकॅम घरात आला की घरही दिसतं. म्हणून लुकिटवर सुरुवातीलाच पालकांनी संमतीचं वाक्य कॅमेऱ्यासमोर मोठ्याने वाचायचं असतं, ते कोणीतरी तपासल्यावरच बाकीचा व्हिडिओ संशोधकांना बघता येतो, आणि शेवटी पुन्हा विचारलं जातं की हा व्हिडिओ कोणाला दाखवायचा, की काढूनच टाकायचा.