स्टोरेज ॲरे : बंद आणि चालू करण्याची पद्धत

बँका, इस्पितळे, कारखाने, सरकारी खाती यांचा डेटा ज्या सामायिक डिस्क-यंत्रणेवर राहतो तिला स्टोरेज ॲरे म्हणतात. सर्व्हर रूममधल्या बोलीत नुसते ‘स्टोरेज’ किंवा ‘बॉक्स’. तिच्यात सहसा दोन कंट्रोलर (डिस्क सांभाळणारे आणि सर्व्हरशी बोलणारे संगणक), त्यांना केबलने जोडलेले डिस्क शेल्फ (डिस्कांचे खण) आणि प्रत्येक भागाला दोन-दोन पॉवर सप्लाय असतात. एक भाग गेला तरी दुसऱ्यावर काम चालावे, अशी ही सगळी रचना. साहजिकच पूर्ण बॉक्स बंद करायची वेळ फार कमी येते : जागा बदलायची असते, यूपीएसचे किंवा वीजवाहिनीचे काम निघते, एसी बंद पडून खोली तापते. कित्येक ठिकाणी पाच वर्षांत एकदाच हा प्रसंग येतो आणि तेव्हा हे काम पूर्वी केलेला माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

नुसता स्विच खाली करून का चालत नाही, याचे उत्तर राइट कॅशमध्ये आहे. सर्व्हरने लिहायला दिलेला डेटा कंट्रोलर आधी आपल्या मेमरीत घेतो, दुसऱ्या कंट्रोलरच्या मेमरीत त्याची प्रत ठेवतो आणि लगेच ‘लिहिले’ असे कळवून टाकतो. डिस्कवर तो नंतर, सवडीने उतरतो. त्यामुळे चालू यंत्रणेत काही डेटा नेहमीच मधल्या मध्ये असतो : सर्व्हरच्या हिशेबी तो डिस्कवर पोचला आहे, डिस्कला मात्र त्याचा पत्ता नाही. जुन्या यंत्रांत वीज गेल्यावर बॅटरी ही मेमरी जागी ठेवी. तिची मुदत अनेकदा 72 तासांची. जोडून सुट्ट्या आल्या, वीज चौथ्या दिवशी आली, की कॅशमधला मजकूर गेला. पुढे बॅटरीचे काम कमी केले गेले : कॅशमधला मजकूर फ्लॅशवर किंवा राखीव डिस्कांवर उतरवेपर्यंत तिने तग धरायचा, बस. ईएमसी कंपनीच्या क्लॅरिऑन सीएक्स मालिकेत पहिल्या शेल्फमधल्या पहिल्या 5 डिस्क या ‘व्हॉल्ट’साठी, म्हणजे कॅश उतरवायच्या राखीव जागेसाठी, असत. बॉक्स हलवताना त्यांची अदलाबदल करणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

बंद करताना वरून खाली यायचे. आधी वापरकर्त्यांचे ॲप्लिकेशन, मग डेटाबेस, मग व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने चालणारे संगणक), मग सर्व्हर. त्यानंतर व्यवस्थापनाच्या स्क्रीनवर वाचन-लेखन शून्यावर आले का ते पाहायचे. हा आकडा थोडा जरी हलत असला तरी कुठला तरी विसरलेला सर्व्हर, बहुधा बॅकअपचा, अजून जागा आहे. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. मग ॲरेला तिच्या स्वतःच्या आज्ञेने थांबवायचे. आयबीएमच्या स्टोअरवाइझमध्ये ती ‘स्टॉपसिस्टम’, थ्रीपारमध्ये ‘शटडाऊनसिस हॉल्ट’. या आज्ञेने कॅश रिकामी होते आणि मगच कंट्रोलर थांबतात. नेटॲप कंपनीच्या कंट्रोलर-जोडीत आणखी एक गोम आहे : एक कंट्रोलर थांबवला की जोडीदाराला तो बिघडल्यासारखा वाटतो आणि तो त्याच्या डिस्क ताब्यात घेतो. म्हणून दोन्ही थांबवण्याआधी हे ‘टेकओव्हर’ रोखावे लागते.

कंट्रोलरचे दिवे सांगतील तेव्हाच त्यांची वीज काढायची, त्यानंतर शेल्फची, मग सर्व्हर आणि स्टोरेज यांना जोडणाऱ्या फायबर चॅनल स्विचची. एसी सर्वांत शेवटी. प्रत्येक शेल्फला दोन वीजवाहिन्या असतात. एकच बंद केली तर शेल्फ पिवळा दिवा दाखवत फिरतच राहतो आणि घाईतला माणूस ‘बंद झाले’ म्हणून पुढच्या रॅककडे वळतो.

खरी तयारी मात्र आदल्या आठवड्यातली. खराब डिस्क बदललेली हवी, रेडची (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून केलेल्या डिस्कांच्या गटाची) पुनर्बांधणी पूर्ण झालेली हवी, कॉन्फिगरेशनची प्रत बाहेर काढलेली हवी. केबलना चिठ्ठ्या लावायच्या आणि मागच्या बाजूचे फोटो घ्यायचे. चार-पाच वर्षे अखंड फिरलेली डिस्क थंड झाल्यावर पुन्हा फिरेलच असे नाही. तेच पॉवर सप्लायचे. चालू असताना दडून राहिलेला दोष पुन्हा सुरू करताना बाहेर येतो. तेव्हा जादा डिस्क हाताशी असाव्यात आणि कंपनीच्या सपोर्टला आधी कळवलेले असावे.

चालू करताना खालून वर जायचे : एसी, पीडीयू (रॅकमधली वीज वाटणारी पट्टी), स्विच, शेल्फ, कंट्रोलर, मग सर्व्हर. शेल्फ आणि कंट्रोलर यांच्यात काही मिनिटे थांबावे लागते. साडेतीन इंची डिस्क वेग घेताना 12 व्होल्टवर सुमारे 2 अँपिअर ओढते, म्हणजे 24 डिस्कांचा शेल्फ त्या काही सेकंदांत पाचशे वॉटच्या वर जातो. त्यामुळे बऱ्याच यंत्रांत डिस्क गटागटाने फिरू लागतात आणि खोलीत उभे राहिले की आवाज पायरीपायरीने चढताना ऐकू येतो. कंट्रोलरचे पंखे सुरुवातीला कान बधिर करतात, मग खाली येतात. ते खाली न आल्यास काहीतरी अडले आहे असे समजावे.

कंट्रोलर आधी सुरू केला आणि शेल्फ दिसला नाही, तर त्या शेल्फमधल्या डिस्क ‘गहाळ’ ठरतात आणि रेड गट बंद दिसतो. डेटा सहसा जागेवरच असतो. घाबरून ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘क्लिअर’ हे पुसून टाकणारे बटण दाबणे हीच इथली सर्वांत महागडी चूक. सर्व पुन्हा थांबवून क्रमाने सुरू केल्यास गट बहुतेकदा परत येतो. स्टोअरवाइझसारखी यंत्रे बॅटरीत एकदा वीज गेली तर पुरेल एवढा चार्ज भरल्याशिवाय कामच सुरू करत नाहीत; हा बिघाड नव्हे, तिथे थांबायचे असते.

एक गुंता कागदावर दिसत नाही. स्टोरेजला लागणारा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा), लॉगिनची डिरेक्टरी, सर्व्हर उघडण्याचे पासवर्ड हे सगळे त्याच स्टोरेजवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये असते. कित्येकदा हा क्रम लिहिलेली फाइलसुद्धा तिथेच. म्हणून आयपी पत्ते आणि पायऱ्या छापून रॅकच्या दाराला लावणारे जुने लोक हसण्यावारी नेऊ नयेत.

वीज न सांगता गेली तर क्रम पाळायला वेळ नसतो. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई महानगरात सकाळी ग्रिड कोसळले आणि पुरवठा टप्प्याटप्प्याने परतला. अशा वेळी यूपीएस संपण्याआधी जेवढे नीट थांबवता येईल तेवढे थांबवून पीडीयूचे ब्रेकर हाताने खाली करून ठेवतात. नाहीतर वीज परतताच सर्व्हर, शेल्फ, कंट्रोलर एकदमच उठतात, आणि ती पुन्हा गेली की पुन्हा पडतात.

सर्व्हर वर आल्यावर प्रत्येक लनचे (स्टोरेजने सर्व्हरला दिलेल्या डिस्क-तुकड्याचे) पाथ, म्हणजे तिथवर पोचण्याचे मार्ग, मोजतात. चारच्या जागी दोनच दिसले तरी काम व्यवस्थित चालते, तक्रार कोणीच करत नाही. निखळलेली ती केबल मग सहा महिन्यांनी, दुसऱ्या कंट्रोलरच्या अपग्रेडच्या रात्री सापडते.