वॅक्स की सीलंट? आपल्या उन्हापावसात गाडीच्या रंगावर काय टिकतं

नवीन गाडी दारात आली की पेढे संपायच्या आत कोणीतरी सांगतंच, "वॅक्स मारून घे रे, रंग टिकेल." मग दुसरा म्हणतो वॅक्स आता जुनं झालं, सीलंट लाव, आणि डिटेलिंगवाल्याकडे गेलात तर तो या दोघांनाही हसतो आणि थेट सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे रंगावर कायमचा बसणाऱ्या काचेसारख्या कडक थराचं, कोटेशन हातात ठेवतो. या सगळ्यात रंगाला नेमकं कशापासून वाचवायचंय हे कोणी बोलत नाही, आणि आपण जे फासतोय ते तिथे किती दिवस राहणारे हे तर त्याहून नाही.

आधी रंग म्हणजे काय ते बघू. आजकालच्या गाडीच्या पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया, मग गंज रोखणारा ई-कोट, मग प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा बेसकोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट असतो. हे सगळं मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यातला क्लिअरकोट 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. आपण ज्याला चकाकी म्हणतो ती या क्लिअरकोटची, खालच्या रंगाची नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी गाडी बनायची त्या काळात सर्रास एकाच थराचा इनॅमल रंग असायचा, वर काही झाकण नाही. चार-पाच उन्हाळे गेले की उन्हाने रंगातलं बांधून ठेवणारं रेझिन तुटायचं, सुटं रंगद्रव्य वर यायचं आणि फडका फिरवला की फडक्यालाच रंग लागायचा. तेव्हा दर दोन-चार महिन्यांनी पॉलिश आणि वर मेण हा उद्योग खरंच गरजेचा होता. आजोबा-काकांकडून आपल्याकडे आलेला सल्ला त्या रंगाचा आहे, आता रंग बदललाय पण सल्ला तसाच फिरतोय.

क्लिअरकोटमध्ये अतिनील किरण शोषणारी रसायनं कारखान्यातच मिसळलेली असतात. त्यामुळे डब्यावर मोठ्या अक्षरात "यूव्ही प्रोटेक्शन" लिहिलेलं असतं ना, त्याकडे जरा कानाडोळाच करा. वॅक्स काय किंवा सीलंट काय, पुसून झाल्यावर उरणारा थर एका मायक्रॉनहूनही कमी असतो, आणि किरण किती शोषले जाणार हे जाडीवर अवलंबून असतं, मग एवढासा पापुद्रा चाळीस मायक्रॉनच्या क्लिअरकोटपुढे काय दिवे लावणार! ओरखड्यांचंही तेच. किल्लीचा चरा, शेजारच्या पोराची सायकल, यातलं काहीही तो अडवत नाही. तो अडवतो रंगाला चिकटणाऱ्या गोष्टी: पाण्यातले क्षार, पक्ष्यांची शिट, झाडाचा चीक, कोकणातली लाल धूळ, समुद्राकाठचं मीठ. अडवतो म्हणण्यापेक्षा आपल्याला धुवायला थोडा वेळ मिळवून देतो.

आता वॅक्स. चांगल्या वॅक्समधलं मुख्य मेण कारनौबा, हे ब्राझीलच्या ईशान्येकडच्या सिआरा, पियाउई वगैरे कोरड्या भागातल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरून येतं. पावसाची वानवा असलेल्या त्या मुलखात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडाने स्वतःच पानावर मेणाचा थर चढवलेला असतो. लोक पानं तोडतात, उन्हात वाळवतात, झोडपतात, आणि पापुद्र्यांची जी भुकटी पडते ती वितळवून मेण काढतात. (गोळ्या-औषधांवर आणि रंगीत चॉकलेटच्या गोळ्यांवर जी चमक असते तीही बऱ्याचदा याच मेणाची, म्हणजे आपण ते खाल्लेलंही आहे.) हे मेण 82 ते 86 अंश सेल्सियसला वितळतं, नैसर्गिक मेणांमध्ये इतकं कडक मेण क्वचितच. पण कडक म्हणजे इतकं कडक की नुसतं कारनौबा गाडीवर पसरवताच येत नाही, त्यामुळे डब्यात ते तेलं, द्रावक आणि मऊ मेणं घालून सरबरीत केलेलं असतं. "शंभर टक्के शुद्ध कारनौबा" लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ आत जे कारनौबा आहे ते शुद्ध आहे एवढाच घ्यायचा, अख्खा डबा कारनौबाचा आहे असा नाही.

आणि वॅक्स रंगाला रासायनिकदृष्ट्या धरत नाही, नुसतं बसून राहतं. मे महिन्यात नागपूर-जळगावकडे उघड्यावर उभ्या असलेल्या काळ्या गाडीचं बॉनेट 70 अंशांपर्यंत सहज तापतं. कारनौबा स्वतः तिथे वितळत नाही, पण मिश्रणातली मऊ मेणं आणि तेलं तितकी दमदार नसतात, ती पातळ होतात, उडतात, धुळीला धरून निघून जातात. उरलंसुरलं काम सकाळी सहाला बादली घेऊन येणारा सोसायटीतला गाडी धुणारा करतो, कारण त्याच्या बादलीत कपड्यांची पावडर असते, आणि अल्कलाइन डिटर्जंटचा धंदाच मुळी तेलकट-मेणकट गोष्टी सोडवण्याचा. वॅक्सचा टिकाव चार ते आठ आठवडे सांगतात, तो गॅरेजमधल्या लाडावलेल्या गाडीचा, आपल्या चौकात उभ्या असलेल्या गाडीचा नव्हे.

सीलंट हा प्रकार प्रयोगशाळेतला. यात बहुतेक वेळा सिलिकॉन पॉलिमर असतात, आणि चांगल्या सीलंटमध्ये त्या लांब साखळ्यांना जागोजागी नायट्रोजन असलेले अमिनो गट जोडलेले असतात. हे गट क्लिअरकोटच्या पृष्ठभागाला घट्ट धरतात आणि साखळीचा पाणी नको असलेला भाग बाहेर तोंड करून राहतो. केसांच्या कंडिशनरमध्येही याच जातीचं सिलिकॉन असतं, धुतल्यावरही केस मऊ राहतात ते त्यामुळेच. काही सीलंट हवेतली आर्द्रता घेऊन आपापसात जाळंही विणतात, म्हणून तर लावल्यावर बारा-चोवीस तास गाडी कोरडी ठेवा असं बाटलीवर लिहिलेलं असतं आणि ते कोणीच वाचत नाही. शिवाय या साखळीचा कणा सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांचा, तो तोडायला मोलमागे साधारण 450 किलोजूल लागतात, कार्बन-कार्बन बंधाला 350 च्या आसपास, त्यामुळे ऊन-उष्णतेत हा जास्त तग धरतो. थोडक्यात वॅक्स म्हणजे कपाळावरचं कुंकू, सीलंट म्हणजे हातावरची मेंदी आणि सिरॅमिक म्हणजे गोंदण, आणि गोंदणासारखंच सिरॅमिकही चुकलं तर सहज पुसता येत नाही.

मग वॅक्स लावायचंच कशाला? दिसण्यासाठी. क्लिअरकोटवर कपड्याने पडलेल्या केसासारख्या बारीक रेषा असतात, उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल दिसतात त्या. प्रकाश त्यांच्या कडांवरून विखुरतो आणि रंग फिका, राखाडी वाटतो. वॅक्समधली तेलं-मेणं या रेषांमध्ये बसतात, विखुरणं कमी होतं आणि काळा, मरून, गडद निळा रंग एकदम खोल, ओला दिसायला लागतो. सीलंटची चकाकी काचेसारखी, जरा कोरडी वाटते. अर्थात हा फरक गडद रंगावर. आपल्याकडे रस्त्यावर पांढऱ्या गाड्यांचाच सुळसुळाट, त्यांच्यावर डाव्या दाराला वॅक्स आणि उजव्याला सीलंट लावलं तरी कोणाच्या बापाला कळणार नाही.

पाण्याचे टपोरे थेंब उभे राहिले म्हणजे गाडी सुरक्षित असा एक लाडका समज आहे. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे 72 मिलिन्यूटन असतो, मेण किंवा सिलिकॉनच्या पृष्ठभागाची ओढ त्याच मापात 20-30 च्या घरात, म्हणून पाणी पसरण्याऐवजी स्वतःतच गोळा होतं. पण बोअरवेलच्या जड पाण्याने गाडी धुऊन उन्हात सोडली तर हेच टपोरे थेंब वाळतात आणि प्रत्येकाच्या जागी कॅल्शियमची पांढरी चकती राहते. म्हणजे थेंब जितके देखणे तितके डाग ठसठशीत. पुण्या-मुंबईकडच्या टँकर-बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या सोसायट्यांमध्ये धुतल्यावर लगेच मायक्रोफायबरने टिपून घेणं हे वॅक्स-सीलंटच्या वादापेक्षा मोठं काम आहे.

रेल्वेलाइनजवळ पार्किंग असेल तर पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके बघा. रंगाला आतून गंज आलेला नसतो, रेल्वेगाड्यांच्या चाकांचे आणि ब्रेकचे लोखंडी कण उडून क्लिअरकोटवर बसतात आणि तिथे गंजतात. बोट फिरवलं तर बारीक रवा लागल्यासारखा खरखरीतपणा जाणवतो. अशा पृष्ठभागावर काहीही लावलं तरी ते त्या कणांवर बसणार, म्हणून आधी क्ले बार, म्हणजे असे कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवून, भरपूर शाम्पूच्या पाण्यात, ते काढायला हवेत.

क्रमाचीही एक भानगड आहे, आणि इथेच बरेच जण पैसे वाया घालवतात. जुन्या वॅक्सवर सीलंट लावलं तर त्याचे अमिनो गट धरणार कोणाला, मेणाला? मेण गेलं की सीलंटही गेलं. म्हणून सीलंट नेहमी उघड्या क्लिअरकोटवर, आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी मिसळून पुसून घेतलेल्या. उलट सीलंटवर, ते नीट बसल्यावर दुसऱ्या दिवशी, वॅक्स चालतं. आणि पॉलिश या दोघांत धरू नका, त्यात बारीक घासणारे कण असतात, ते क्लिअरकोट थोडा थोडा खातं, दर सर्व्हिसला "पॉलिश करून देऊ का" विचारलं की नको म्हणा.

माझं मत विचाराल तर उघड्यावर उभी राहणारी, रोज कोणीतरी धुणारी गाडी असेल तर सीलंट, तेही मे संपायच्या आत, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने निभावतात, आणि दुसरा हात दिवाळीच्या आसपास. गाडी गडद रंगाची, छपराखाली, रविवारी स्वतःच्या हाताने चोळायची हौस असलेली असेल तर वॅक्स खुशाल लावा, त्यात मजा आहे. पातळ लावा मात्र, फोमच्या पॅडवर नखभर घेऊन, धुकट झालं की बोट ओढून बघायचं, स्वच्छ रेघ उमटली तर पुसायची वेळ झाली. बंपर आणि वायपरखालच्या काळ्या प्लॅस्टिकला वॅक्स लागू देऊ नका, खडबडीत भागात ते पांढरं होऊन बसतं आणि दातांच्या ब्रशने घासत बसावं लागतं.