सोसायटीच्या बोअरला ना हरकत प्रमाणपत्र: कोणाला लागतं, कागद कोणते

आवारातली बोअर आपलीच, तिला परवानगी कसली, असं बऱ्याच सोसायट्यांना वाटतं. पण शहरातल्या गृहसंकुलाने बोअरचं पाणी वापरायचं तर केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, मग बोअर नवी असो की जुनी. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर १९९७ साली हे प्राधिकरण स्थापन झालं. त्याची मार्गदर्शक तत्त्वं २४ सप्टेंबर २०२० रोजी अधिसूचित झाली.

स्वतःच्या घरापुरती बोअर असलेलं कुटुंब, शेती, ग्रामीण पाणीपुरवठा योजना आणि रोज १० घनमीटरपेक्षा (म्हणजे १० हजार लिटरपेक्षा) कमी उपसा करणारे सूक्ष्म व लघु उद्योग यांना यातून सूट आहे. टँकरने पाणी विकणाऱ्याला मात्र परवानगी घ्यावीच लागते. टँकर मागवताना त्याचं प्रमाणपत्र जरूर बघा.

पात्रतेची खरी अट एकच आहे: नळाचं पाणी पुरत नसलं पाहिजे. त्यामुळे सगळ्यात आधी महापालिकेकडून किंवा स्थानिक पाणीपुरवठा यंत्रणेकडून 'पाणी देऊ शकत नाही' किंवा 'अपुरं देतो' असा लेखी दाखला मिळवा. त्याशिवाय बाकीची फाइल कितीही जाड असली तरी उपयोग नाही. मिळणाऱ्या पाण्याचा आकडा त्यात नमूद करून घ्या, कारण गरज वजा नळाचं पाणी एवढाच उपसा तुम्हाला मागता येतो.

बाकी तयारी अशी: जागेच्या मालकीचा कागद, मंजूर नकाशा, सदनिका आणि रहिवाशांची संख्या, रोजच्या पाण्याचा हिशेब, प्रत्येक बोअरची खोली, व्यास व पंपाची क्षमता, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा पाणी तपासणी अहवाल आणि पाऊस-संकलनाचा आराखडा. नव्या प्रकल्पाची भूजलाची गरज रोज २० घनमीटरपेक्षा जास्त असेल, तर सांडपाणी प्रक्रिया केंद्र सक्तीचं आहे.

पाणी तपासणी उरकून टाकायची गोष्ट नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड सापडतं. वस्तीत गळक्या शौचटाक्यांमुळे नायट्रेट वाढतं. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत आणि चवीवरूनही कळत नाहीत.

पुनर्भरणाचंही, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याचंही, तसंच. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्ट खडकाचा आहे. त्यात पाणी भेगांतून वाहतं, मातीसारखं गाळलं जात नाही. म्हणून शोषखड्ड्यात किंवा बोअरमध्ये फक्त छतावरचं पाणी सोडा, तेही गाळणीतून आणि पहिल्या पावसाचं पाणी वगळून. पार्किंगमधलं ऑइलमिश्रित पाणी आत गेलं, तर ते शेजारच्या विहिरीतही उतरतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण एकदा नासलेला झरा आपल्या हयातीत सुधारेलच असं नाही.

अर्ज ऑनलाइन भरायचा. त्यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये 'भू-नीर' हे पोर्टल सुरू झालं. शुल्क तिथेच दिसतं, भरण्याआधी ताजे दर पाहा. अडलं तर महाराष्ट्रासाठी केंद्रीय भूजल मंडळाचं (प्राधिकरणाचं प्रादेशिक काम हेच मंडळ बघतं) प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे. प्रमाणपत्र आल्यावर प्रत्येक बोअरवर छेडछाड करता न येणारं डिजिटल मीटर बसवून रीडिंगची नोंद ठेवावी लागते. प्रमाणपत्र कायमचं नसतं. मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करा. सचिव बदलला की ही तारीख हमखास विसरली जाते, तेव्हा ती सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.