पार्श्वभूमी : छोटी गाडी, चार मीटरची रेघ आणि वाऱ्याचा हिशेब

छोट्या गाडीला हायवेवर किती ताकद लागते, हा प्रश्न नवी मुंबईत खऱ्या अर्थाने २००२ मध्ये आला. कळंबोलीहून पुण्याकडे जाणारा एक्स्प्रेस-वे त्या वर्षी पूर्ण सुरू झाला. त्याआधी जुन्या हायवेवर किंवा ठाण्याहून कसाऱ्याकडे जाताना गाडी सलग शंभरने पळतच नसे, म्हणून बोलणं व्हायचं ते पिकअप आणि ॲव्हरेजचं. सरकारी चाचण्यांनाही वाऱ्याची फिकीर नव्हती. जुन्या भारतीय चाचणीचक्रात, म्हणजे मायलेज-धूर तपासताना गाडी चालवायच्या ठरलेल्या क्रमात, कमाल वेग होता ताशी ४२ किमी. पुढे तो ९० झाला.

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी जवळपास ९०० किलोची आणि ताकद चाळिशीच्या घरात. १९८३ मध्ये मारुती ८०० आली. वजन सुमारे ६५० किलो आणि ताकद ३७ अश्वशक्तीच्या आसपास. तिच्या १९८६ नंतरच्या रूपाचा हिशेब मांडू. रुंदी १.४४ मीटर, उंची १.४१, गाडी पूर्ण चौकोनी नसते म्हणून गुणाकाराचे ८३ टक्के धरले की समोरचं क्षेत्रफळ १.७ चौरस मीटरच्या आसपास. ड्रॅगचा गुणांक, म्हणजे गाडीचा आकार वाऱ्याला किती अडतो त्याचा आकडा, ०.४ धरू, दोन माणसं आणि सामानासकट वजन ८०० किलो. ताशी १०० किमीला वारा कापायला सुमारे साडेआठ किलोवॅट, टायरना ३ पेक्षा थोडे कमी. गिअरमधली गळती मिळवली तर इंजिनाकडून १६-१७ अश्वशक्ती. वेग ८० वर आणा, तेवढ्यात दहाच्या आत भागतं.

घाटात गणित फिरतं. खंडाळ्याला ५ टक्के चढ धरला तर ६० च्या वेगालाच १५ अश्वशक्ती जातात, चौघे बसले की सतरा-अठरा. तिथे वारा गौण, वजन सगळं ठरवतं. शिवाय ३७ हा आकडा इंजिन जोरात फिरतं तेव्हाचा. तिसऱ्या गिअरमध्ये साठला तेवढी ताकद हाताशी नसते. एसी बंद करून घाट चढण्याची सवय त्यातूनच आली.

खरा गुंता मात्र २००६ च्या अर्थसंकल्पाने केला. अबकारी कर २४ वरून १६ टक्क्यांवर आणताना छोटी गाडी म्हणजे काय, हे ठरवावं लागलं. व्याख्या झाली अशी : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. वजन नाही, रुंदी नाही, उंचीही नाही. हायवेवर ताकद आणि इंधन ज्यावर खर्च होतं ते सगळं बाहेर राहिलं, आणि जिचा त्या हिशेबात थेट संबंध नाही ती लांबी आत आली. उलट निमुळती होत जाणारी शेपटी वाऱ्याला बरी असते. करासाठी नेमकी तीच छाटली गेली. डिकी तोडलेल्या सेदान आल्या, मग उंच, चौकोनी एसयूव्ही. या व्याख्येच्या बाजूने बोलणारे म्हणतात, गर्दीच्या शहरात पार्किंगची जागा वाचते, आणि लांबी टेपने मोजता येते, त्यात वाद नाही. घणसोली किंवा नौपाड्यात गाडी लावणाऱ्याला पहिला मुद्दा पटेल. पण १.८ मीटर रुंद आणि १.६ मीटर उंच गाडीचं समोरचं क्षेत्रफळ त्याच रीतीने २.४ चौरस मीटर भरतं, म्हणजे मारुती ८०० पेक्षा ४० टक्के जास्त. गुणांक कितीही सुधारला तरी एवढी वाढ भरून काढणं जड जातं. कागदावर दोन्ही गाड्या छोट्याच.

२०१७ च्या जीएसटीने ही रेघ तशीच ठेवली. २०२४ मध्ये समुद्रावरचा अटल सेतू सुरू झाला. तिथे शंभरने जाताना समोरून ताशी २० किमीचा वारा असला, तर वाऱ्याचा रेटा ४४ टक्क्यांनी वाढतो. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, मोजमाप तेच. त्याच महिन्यात इंधन-कार्यक्षमतेच्या नव्या नियमांचा मसुदा आला आणि त्यात छोट्या पेट्रोल गाडीच्या सवलतीसाठी चार मीटर व १२०० सीसीच्या जोडीला ९०९ किलो ही वजनाची अट दिसली. त्या आकड्यावरून कंपन्यांमध्ये जुंपली. रुंदी आणि उंची त्या मसुद्यातही नव्हती.